परत पाठवलेला भरला डबा

भाकरीचं वजन मला हातानं कळतं. ही बढाई नाही, धंदा आहे. बाराव्या वर्षापासून कुरुंदवाडच्या आठवडी बाजारात वांगी विकली, आणि आता शाहूपुरीत माझं स्वतःचं धान्याचं दुकान आहे. पोतं नुसतं हलवून मी सांगतो किती कमी भरलंय. हमाल काट्यावर घालून बघतात आणि गप्प बसतात. त्यामुळे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी रोज सकाळी माझ्या हातात येणारा एक डबा अचानक जड झाला, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. का जड झाला, ते कळायला पावणेदोन वर्षं गेली. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

घरून मला काही मिळणार नव्हतं. वडील गेल्यावर थोरल्या भावानं घर हातात घेतलं आणि माझा बारावीचा निकाल लागला त्या संध्याकाळी ताटावर बसूनच सांगितलं, "शिकायचं तर शीक. पर आमच्या ताटातनं न्हाय." वहिनीनं तेवढ्यात माझ्या पुढ्यातली चटणीची वाटी उचलली. मी दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला आलो.

राजारामपुरीत खोली मिळाली ती कॉट बेसिसवर. म्हणजे भिंती मालकिणीच्या, लोखंडी कॉट मालकिणीची, गादी आपली. खोलीत दोन कॉट, एक खिडकी, एक पंखा, आणि तो बरोबर दुसऱ्याच्या कॉटवर. मालकिणीनं सांगितलेलं भाडं ऐकून मी 'नकोच' म्हणालो आणि जिना उतरायला लागलो. चौथ्या पायरीवर हाक आली. बाजारात असंच असतं. गिऱ्हाईक चार पावलं गेल्याशिवाय खरा भाव निघत नाही. मी भाडं कमी करून घेतलं आणि बदल्यात रोज पहाटे पाण्याची मोटर चालू करून टाकी भरायचं काम पत्करलं. मालकीण खूश झाली. पुढं तीन वर्षं मी पाचला उठलो. तिनं भाडं दोनदा वाढवलं, काम तेवढंच ठेवलं.

संध्याकाळी क्लासवाल्यांच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानात उभा राहायचो. त्यात भाडं आणि कॉलेजची फी निघायची. पोट निघत नव्हतं. पहिल्या वर्षी खाणावळ एक वेळची लावली होती. तीन चपात्या, चौथी मागितली की वाढणारा ऐकू न आल्यासारखा पुढं जायचा. दुसऱ्या वर्षी खाणावळवालीनं भाव चढवला आणि महिन्याचे पैसे आधी मागितले. ते एकदम कुठून आणू? खाणावळ सुटली. मग चहा आणि बिस्किटं, रात्री कधी वडापाव. कॉमर्सचे तास अकराला सुरू व्हायचे आणि साडेबारापर्यंत फळ्यावरचे आकडे हलायला लागायचे. त्या महिन्यात एकच प्रश्न होता: पदवी होईपर्यंत मी शहरात टिकतो का, की परत वांग्यांच्या पाट्या उचलायला जातो.

दुसऱ्या कॉटवर होता तो सायन्सचा. त्याचं गाव आमच्या गावाच्या पुढचं. घरी आई, दोन म्हशी आणि थोडं रान. त्याला डबा यायचा. आमच्या पट्ट्यातल्या शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं येतात. आई पहाटे उठून भाकरी थापते, डबा कापडी पिशवीत बांधून पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरपाशी देते आणि पोरगं कोल्हापूरच्या स्टँडवर तो उतरवून घेतं. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा घासून परत. ड्रायव्हर पैसे घेत नाही. एखाद्या सणाला त्याच्यासाठी वेगळी पोळी बांधलेली असते, तेवढंच.

पण त्याची प्रॅक्टिकलची बॅच साडेसातची होती आणि गाडी यायची सव्वाआठला. डबा स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर पडून राहायचा. दुपारी तो आणायला जाईपर्यंत आमटी आंबायची, आणि दोनदा डबाच सापडला नव्हता. मी आठवडाभर हे बघितलं. रविवारी संध्याकाळी त्याच्या कॉटसमोर उभा राहिलो.

"तुझा डबा रोज मी आणतो. गाडी आल्या आल्या. संध्याकाळी घासून परत लावतो. अर्धा डबा माझा."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं, मग हसला. "बरं," म्हणाला.

घासाघीस नाही, काही नाही. इतक्या लवकर 'बरं' म्हणणारा माणूस पोटात काहीतरी ठेवून असतो, हे मला बाजारानं शिकवलं होतं. पण त्या दिवशी माझ्या पोटात काही नव्हतं.

सोमवारी ड्रायव्हरनं खिडकीतून पिशवी दिली आणि माझा हात खाली गेला. आठवडाभर त्याचा डबा मी खोलीत उचलून बघितला होता. हा दोन भाकरींनी जड होता. मी मनात म्हटलं, बघा, काल सौदा केला आणि आज माल वाढला. पठ्ठ्यानं घरी कळवलं असणार की आता दुपारपर्यंत नीट पोचतो, जास्त घाला. मला माझ्या अकलेचं फार कौतुक वाटलं. परतताना रेल्वेच्या पुलाखाली कालच्या पावसाचं पाणी साचलं होतं, त्यातूनही मी पिशवी डोक्यावर धरून आलो.

पावणेदोन वर्षं मी तो डबा आणला. तापात आणला. बंदच्या दिवशी गाडी शहराबाहेर थांबवली होती, तिथवर चालत जाऊन आणला. अर्धा खाल्ला, एक घास जास्त नाही, आणि राखेनं घासून परत लावला. भांडं रिकामं परत देऊ नये म्हणून लोक त्यात साखरेची चिमूट तरी घालतात. मी कधी घातली नाही. ते सौद्यात नव्हतं.

तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये, परीक्षेला सात आठवडे असताना, खोलीची किल्ली द्यायला मी त्याला कॉलेजच्या कँटीनमध्ये गाठलं. त्याची सगळी बॅच बसली होती, मुलीही होत्या. एकीनं विचारलं, "हा कोण रे?"

तो चहाचा ग्लास हातात घेऊन म्हणाला, "ह्यो? आमचा हमाल. अर्ध्या भाकरीवर राबतोय."

टेबल हसलं. एक जण म्हणाला, "पगारवाढ मागा की पावणं!" दुसरा म्हणाला, "दिवाळीला चटणी बोनस!" ती मुलगीही हसली, पण जरा उशिरा.

आमचा सौदा आमच्या दोघांतला होता. मी कुणाला सांगितला नव्हता. मी किल्ली त्याच्या चहात टाकली आणि निघालो. मागून तो ओरडला, "आरं, थट्टा केली की! डोकं हाय का न्हाय तुला?"

रात्री तो बोलायला आला, मी भिंतीकडं तोंड केलं. सकाळी मोटर चालू केली, टाकी भरली आणि रोजच्यासारखा स्टँडवर गेलो. गाडी आली. ड्रायव्हरनं पिशवी दिली. ती मी हातात धरून अर्धा तास उभा राहिलो. पावणेनऊला तीच गाडी परत निघते. मी पिशवी उघडली नाही. ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो आणि ती परत वर दिली.

"का रं? भरलाय की."

"मागं न्यायचाय."

"पोरगं बरं हाय न्हवं?"

मी उत्तर दिलं नाही. गाडी सुटली.

आता हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. आमच्या गावांत एसटीनं गेलेला डबा भरलेला परत येत नाही. पोरगं रागावलं, जेवलं नाही, तरी तो दोस्तांना वाटतो, गाईला घालतो, पण डबा रिकामाच परत लावतो. भरला डबा परत आला तो एकदाच, मी शाळेत असताना. आमच्याच गावच्या एका मुलाला सकाळी कॉलेजला जाताना ट्रकनं उडवलं होतं. निरोप पोचायच्या आधी डबा पोचला. त्याच्या आईनं झाकण उघडलं आणि तिला कळलं. तेव्हापासून या पट्ट्यातली प्रत्येक बाई संध्याकाळच्या गाडीवर पिशवी हातात घेतली की आधी वजन बघते.

मला हे माहीत होतं. चुकून झालं असं मी म्हणणार नाही. त्याला दुखेल असं काहीतरी मला हवं होतं, आणि त्याला दुखायची जागा एकच होती.

खोलीवर आलो. त्याच्या मोबाईलची बॅटरी टिकत नसे म्हणून तो सकाळी खिडकीत चार्जिंगला लावून जायचा. पावणेअकराला तो वाजायला लागला. पडद्यावर शेजाऱ्याचं नाव आणि पुढं कंसात 'आई'. तिच्याकडं स्वतःचा फोन नव्हता. वाजून बंद पडला. परत वाजला. माझा अकराचा तास होता. मी गेलो नाही. कॉटवर बसून तो फोन वाजताना बघत राहिलो. खिडकीच्या लाकडावर तो थरथरत पुढं सरकायचा, मग वायरनं अडायचा. मी उचलून एवढंच म्हणायचं होतं, 'मावशी, तो बरा आहे.' चार शब्द. ते मी दिले नाहीत. अर्ध्या तासानं फोन वाजायचा थांबला. मी तरी कॉटवरच बसून होतो.

एक वाजता तो आला. "डबा कुठाय?" म्हणाला, मग फोन बघितला. उलटा फोन लावला. शेजाऱ्याचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

"आरं, तू जिता हाईस व्हय? तुझी आई मघाशीच यस्टीत बसली! वैरण बी टाकली न्हाय, म्हस वरडतिया हितं!"

त्यानं फोन खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्याला सांगायची गरज पडली नाही. त्यानं मला शर्टाला धरून भिंतीवर आपटलं, मी त्याच्या तोंडात एक दिली. आम्ही कॉटच्या मध्ये, दोन फुटांच्या फरशीवर एकमेकांना मारत होतो, तेव्हा खालून मालकिणीचा आवाज आला, "अहो, कोण पावणं आलंय बघा!"

दारात ती उभी होती. बुटकी, काळी बाई, एका हातात तुटलेली चप्पल, दुसऱ्या हातात ती पिशवी. ती यापूर्वी कधी खोलीवर आली नव्हती. आठवी गल्ली एवढंच लक्षात ठेवून स्टँडवरून चालत आली होती. तिनं पोराला बघितलं. त्याच्या ओठातून रक्त येत होतं. ती जवळ गेली, त्याच्या गालाला, मानेला, छातीला हात लावला, बाजारात खोंड चाचपतात तसा. आणि मग त्याच हातानं त्याच्या कानशिलात वाजवली.

"भरला डबा मागं लावतंय व्हय रं कोण? मढ्याचा येतो मागं डबा!"

"मी न्हाय, आये. ह्यानं लावला."

ती माझ्याकडं वळली. मला वाटलं मलाही बसेल. त्यापेक्षा ते बरं झालं असतं. ती फरशीवर बसली, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, आणि पिशवीची गाठ सोडली.

"बस," मला म्हणाली.

चार पुड्यांचा डबा तिनं माझ्यापुढं मांडला. पहाटेच्या भाकरी वातड झाल्या होत्या. दोनदा एसटीचा प्रवास करून वांग्याचं कालवण वरच्या भातात झिरपलं होतं आणि आमटीला फेस आला होता. मार्चचं ऊन होतं.

"खा."

"मावशी, आंबलंय ते."

"कुणी आंबवलं?"

मी खायला लागलो. मालकीण वर येऊन दाराशी उभी राहिली होती, तिच्यामागं शेजारच्या खोलीतली दोन पोरं. मी आंबलेली आमटी वातड भाकरीबरोबर गिळत होतो आणि ती प्रत्येक घास मोजल्यासारखी बघत होती. तिसरी भाकरी संपली तेव्हा तिनं उरलेल्या दोन भाकरींवर बोट ठेवलं.

"ह्या दोन तुझ्याच. पयल्यापासनं तुझ्याच हाईत."

मला कळलं नाही.

"तुमी दुसऱ्या वरसाला हुता तवा ह्यानं फोन केलता. आये, खोलीत एक पोरगं हाय, बिस्किटावर झोपतंय. म्हटलं, दोन भाकरी जादा थापतो, पिठाला काय सोनं लागतंय? तवापास्नं रोज तुझ्या दोन येगळ्या थापतोय मी. घरचं समजून. आणि तू माझं पोरगं मारून ठिवलंस रं. अडीच तास माझं पोरगं मेलतं."

माझ्या तोंडात घास होता. तो तसाच ठेवून मी त्याच्याकडं बघितलं.

"तू फोन कधी केलतास?"

तो ओठ दाबून कॉटवर बसला होता. "त्या शनवारी."

मी सौदा घेऊन गेलो होतो तो रविवारी.

"मग मला बोलला का न्हाईस?"

"बोलणारच हुतो की! तोंड उघडलं तवर तू अट घालून मोकळा. आईनं दोन दिल्या, तू अर्धा डबा मागितलास. वर डबा आणतो म्हणालास, घासतो म्हणालास. मी कशाला न्हाय म्हणू?"

आज पंधरा वर्षं होत आली, मी या उत्तराला उत्तर शोधतोय. व्यवहारात तो बरोबर आहे. मीही त्याच्या जागी गप्प बसलो असतो. माझ्या दुकानात रोज एखादं गिऱ्हाईक स्वस्त मालाला स्वतःहून जास्त पैसे देऊ करतं आणि मी ते घेतो. पण मी त्याचा सोबती होतो, गिऱ्हाईक नव्हतो. ताप अंगात असताना पुलाखालच्या पाण्यातून मी जे आणत होतो ते माझंच होतं, आणि वर त्यानं मला भर कँटीनमध्ये हमाल म्हटलं. हे मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

त्या वेळी मी त्या बाईच्या पाया पडायला हवं होतं. त्याऐवजी म्हणालो, "मावशी, तुमच्या पोरानं तुमच्या भाकरी मला विकल्या."

तिनं पोराकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघायचं होतं, आणि मी बघितलं. मग तिनं डब्याचे पुडे एकात एक बसवले. उरलेल्या दोन भाकरी माझ्यापुढं फरशीवर ठेवल्या, कागद नाही, काही नाही.

"उद्यापास्नं तुझ्या न्हाईत."

"नकोतच," मी म्हणालो.

हे मी कसं म्हणालो ते मला पक्कं आठवतं. जिना उतरताना मालकिणीला म्हणालो होतो तसंच. चार पावलं गेलं की हाक येते. ती उठली, तुटकी चप्पल पिशवीत घातली आणि पोराला स्टँडपर्यंत सोबत घेऊन परतीची गाडी धरायला गेली. मी खोलीत कान देऊन बसलो. जिन्यावर पावलं वाजली, मग फाटक वाजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेलो. डबा आणायला नाही. तिनं खरंच केलंय का, ते बघायला. बोललेलं पाळतात असे लोक मला तोवर फार भेटले नव्हते. सव्वाआठला गाडी आली. ड्रायव्हरनं मला बघितलं, थोडा थांबला, तरी सवयीनं पिशवी खिडकीतून पुढं केली. मी हात वर करून ती खालून तोलली.

डबा हलका होता. बरोबर दोन भाकरींनी.

"घे की, गाडी लावायची हाय मला," ड्रायव्हर म्हणाला.

मी ती पिशवी सिमेंटच्या बाकावर ठेवली. तो साडेसातच्या प्रॅक्टिकलला गेला होता. दुपारी येईपर्यंत ती तिथं राहते का जाते, तो त्याचा प्रश्न. मी तिथून सरळ आमच्या गल्लीमागच्या खाणावळीत गेलो. तीच बाई, जिनं भाव चढवला होता. सात आठवडे रोज दुपारी दोन तास कांदे चिरायचे आणि लसूण सोलायचा, बदल्यात दोन वेळचं जेवण. ती एक वेळचं म्हणत होती. मी उठून चार पावलं गेलो, तिनं हाक मारली. ते सात आठवडे निघाले, परीक्षा निघाली, पास झालो. दुसरा वर्ग.

पण त्या पहिल्या दुपारचं सांगतो. चिरून चिरून डोळे सुजले होते. तिनं ताट वाढलं, तीन चपात्या. मी खाऊन बसलो होतो, तर ती टोपलीतून एक गरम चपाती घेऊन आली आणि ताटावर धरली.

"घे. लई भूक लागलीया तुला."

मी हात आडवा धरला. "ही कशात?"

"कशात म्हंजे?"

"बदल्यात काय करायचं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. चपाती परत टोपलीत टाकली आणि पुढच्या ताटाकडं गेली.